पाच नंबरचा कॅम

शेवट आधीच सांगून टाकतो. १९७८ सालच्या एका अँबॅसेडरचं नव्यानं बांधलेलं इंजिन ६१२ किलोमीटर चाललं आणि साखरप्याच्या पुढं, आंबा घाटाच्या चढणीला, बंद पडलं. कोणाला खरचटलंही नाही. गाडीला, मालकाला आणि मिस्त्रीला इथं नावं नाहीत. ही एका गाडीची नोंद नव्हे. जुन्या इंजिनांच्या गॅरेजांत जे वरचेवर घडतं, ते एका गाडीवर आणि एका घड्याळावर मांडलं आहे. वेळा, मापं आणि संवाद त्या मांडणीपुरते आहेत. इंजिन, ऑइल आणि धातू मात्र जसे वागतात तसेच इथंही वागतात.

१९४० चं दशक

अमेरिकेतल्या तेल कंपन्यांचे रसायनतज्ज्ञ इंजिन ऑइलमध्ये झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट मिसळू लागतात. नाव लांबलचक असल्यानं पुढं सगळे त्याला झेडडीडीपी म्हणतात, गॅरेजात नुसतं ‘झिंक’. ऑइल लवकर खराब होऊ नये आणि बेअरिंगचा धातू गंजू नये, एवढाच हेतू असतो. कॅमशाफ्टचा विचार अजून कोणी केलेला नाही.

१९५० चं दशक

व्हॉल्व्ह डोक्यावर असलेली, कडक स्प्रिंगांची इंजिनं वाढतात आणि कॅम झिजू लागतात. गंज थांबवायला घातलेलं तेच रसायन कॅमही वाचवतं, हे या काळात ध्यानात येतं. जिथं धातूवर धातू दाबून घासतो, तिथल्या दाबानं आणि उष्णतेनं झेडडीडीपी फुटतं. त्यातले झिंक, फॉस्फरस आणि गंधक लोखंडाशी मिळून काचेसारखा एक थर धरतात. त्याची जाडी शंभर नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा दहाहजारावा भाग. झिजतो तो थर. झिजला की ऑइलमधल्या साठ्यातून पुन्हा धरतो. साठा असेल तर.

याच दशकाच्या अखेरीस उत्तरपाऱ्याच्या हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसेडरमध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज इंजिन बसू लागतं. १४८९ सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात बाजूला. तिच्यावर आठ कॅम, प्रत्येक कॅमवर एक टॅपेट. तो पुशरॉड आणि वरच्या रॉकरमार्फत व्हॉल्व्ह उघडतो. मध्ये रोलर नाही. टॅपेटचा तळ कॅमच्या माथ्यावर सरळ घासतो.

१९७५ ते २००४

१९७५ च्या मॉडेलांपासून अमेरिकेतल्या बहुतेक नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागतो. इंजिनात जळालेल्या ऑइलमधला फॉस्फरस धुराबरोबर जाऊन कन्व्हर्टरवर बसतो आणि त्याचं काम मंदावतो. म्हणून फॉस्फरसवर मर्यादा येते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ०.१२ टक्के, १९९६ मध्ये एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसजे दर्जाबरोबर ०.१०, २००४ मध्ये एसएम बरोबर ०.०८. झिंक आणि फॉस्फरस एकाच रेणूत असल्यानं एकाबरोबर दुसराही उतरतो. मर्यादा पातळ ग्रेडना लागू आहे. ५डब्ल्यू-३० तिच्यात येतं, २०डब्ल्यू-५० येत नाही. हा फरक डब्यावर सहसा स्पष्ट छापलेला नसतो.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा होतो. निर्णय बरोबर आहे, शहरांच्या हवेला त्याची गरज होती. नव्या इंजिनांच्या कॅमवर तोवर रोलर आलेले आहेत, नाहीतर स्प्रिंगा हलक्या झालेल्या आहेत. त्यांना ०.०८ टक्के, म्हणजे ८०० पीपीएम, फॉस्फरस पुरतो. १९७८ च्या अँबॅसेडरला कन्व्हर्टर नाही आणि रोलरही नाही.

शुक्रवार, दुपारी ३:३०. बंद पडायला ३७ दिवस.

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. खोललेल्या इंजिनाची कॅमशाफ्ट ग्राइंडिंगच्या शेडमध्ये येते. चार आणि पाच नंबरच्या माथ्यांवर खड्डे आहेत. नवी कॅमशाफ्ट बाजारात मिळत नाही. आहे तीच घासून घ्यायची ठरते.

ओतीव लोखंडाच्या कॅमचा कडकपणा पृष्ठभागाजवळ असतो. ग्राइंडिंगचा दगड खड्डे काढतो तसा या कडक थरातूनही काही घेऊन जातो. किती उरला, हे हार्डनेस टेस्टरवर कळतं. टेस्टर दोन शेड पलीकडं आहे.

“तपासून आणू का? पाऊण तास जाईल.”

“नको. कॅम बघूनच कळतोय,” मिस्त्री म्हणतो.

दुपारी ४:१५

टॅपेटचा प्रश्न. आठांपैकी सहा तळाला झिजलेले आहेत. नियम जुना आहे: घासलेल्या किंवा नव्या कॅमवर नवेच टॅपेट. दुकानात नवे दोनच निघतात. उरलेले सहा सरफेस ग्राइंडरवर लावून तळ सपाट केला जातो. चकचकीत दिसतात, सगळ्यांना बरं वाटतं.

टॅपेटचा तळ मुळात सपाट नसतोच. तो किंचित फुगीर असतो, बोटाला जाणवणार नाही इतका. कॅमचा माथाही टॅपेटच्या नेमक्या मध्यावर बसत नाही, जरा बाजूला असतो. या दोन्हींमुळं प्रत्येक उचलीला टॅपेट स्वतःभोवती थोडा फिरतो आणि घासण्याची जागा बदलत राहते. तळ सपाट केलेला टॅपेट फिरेलच असं नाही. एका जागी उभा राहिला की कॅम त्याच रेषेवर घासत बसतो.

बसवताना दोन नवे टॅपेट एक आणि आठ नंबरला जातात. त्यामागं विचार नाही. हाताला तिथं लागले म्हणून तिथं बसले.

बुधवार, सकाळी ११:००. २५ दिवस बाकी.

इंजिन बांधून होतं. कॅमवर लावायची मोलिब्डेनमची काळी पेस्ट मिळते, ती गॅरेजात नाही. मिस्त्री ऑइलमध्ये थोडं ग्रीस कालवून बोटानं माथ्यांना लावतो. अशी पुष्कळ इंजिनं त्यानं चालवली आहेत आणि ती चालली आहेत, हेही खरं. तेव्हाच्या ऑइलमध्ये काय होतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

कार्ब्युरेटरचं किट मुंबईहून यायचं आहे. तोवर इंजिन अकरा दिवस उभं राहतं. माथ्यांवरचं मिश्रण हळूहळू निथळून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं.

शनिवार, संध्याकाळी ६:४०. १४ दिवस २१ तास बाकी.

मालक ऑइल घ्यायला दुकानात. गाडी वडिलांची. तिला हलकं काही घालायचं नाही, असं त्यानं ठरवलेलं आहे.

काउंटरवर तीन डबे. पहिला २०डब्ल्यू-५० मिनरल, सर्वांत स्वस्त. दुसरा १५डब्ल्यू-४०, ट्रकच्या डिझेल इंजिनाचा. तिसरा ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक, एपीआय एसपी, किंमत पहिल्याच्या अडीचपट.

मालक तिसरा उचलतो.

झिंक कमी पडून मेलेल्या जुन्या इंजिनांच्या पोटात कित्येकदा दुकानातलं सर्वांत महागडं ऑइल सापडतं, हे मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत विचित्र वाटतं. निष्काळजी माणूस पहिला डबा घेऊन गेला असता आणि त्याचं बहुधा निभावलं असतं.

शनिवार, संध्याकाळी ७:१०

गॅरेज. मिस्त्री झाकण उघडतो, दोन थेंब बोटांत चोळतो.

“साहेब, हे पाण्यागत हाय. ट्रकचं पंधरा-चाळीस घालूया की.”

“अहो मिस्त्री, सिंथेटिक आहे. नव्या गाड्यांना हेच चालतं.”

“नव्या गाड्यांना चालतंय.”

बोलणं इथं संपतं. मिस्त्रीचा रोख जाडीवर होता, झिंकवर नाही. पण डिझेल ऑइलमध्ये झिंक पेट्रोलच्या पातळ ऑइलपेक्षा सहसा जास्त असतं, म्हणजे कारण दुसरं धरूनही सल्ला बरोबर निघाला असता.

शनिवार, रात्री ११:१५

मालक फोनवर जुन्या इंजिनांविषयी वाचतो आहे. झिंक ॲडिटिव्हची बाटली दिसते. ऑइलमध्ये ओतली की झिंकचं प्रमाण ८०० पीपीएमच्या आसपास असेल तर हजार-बाराशेच्या पुढं जातं. रोलर नसलेल्या टॅपेटच्या इंजिनांसाठी जाणकार साधारण १००० ते १४०० पीपीएम सांगतात. खाली इशाराही आहे: प्रमाण मोजून घाला. २००० च्या पुढं गेलं तर हेच रसायन धातूला खाऊ लागतं, आणि ऑइलच्या मूळ रसायनाशी बाटलीतल्या रसायनाचं जुळेलच याची खात्री नसते. दोन बाटल्यांनी संरक्षण दुप्पट होत नाही.

बाटली गुरुवारी पोचेल, असं स्क्रीनवर लिहिलेलं आहे. इंजिन उद्या सुरू व्हायचं आहे. साडेदहाच्या आत पूजा करायची, असं घरी ठरलं आहे. एवढं महाग ऑइल घेतलंय, त्यात सगळं असणारच, असं धरून मालक फोन बाजूला ठेवतो.

रविवार, सकाळी ९:१०. १४ दिवस ७ तास बाकी.

चार लिटर ऑइल ओतलं जातं. प्लग काढून, स्टार्टरवर इंजिन मोकळं फिरवून, ऑइलचं प्रेशर आलेलं पाहायचं आणि मग प्लग बसवायचे, ही पद्धत मिस्त्रीला माहीत आहे. बॅटरी जुनी आहे. ती उतरेल म्हणून ही पायरी गाळली जाते.

९:४८

पहिला स्टार्टर. इंजिन धरत नाही. पुन्हा. नाही. डिस्ट्रिब्यूटर उलटा बसला आहे, हे कळायला बारा मिनिटं जातात. एवढ्या वेळात स्टार्टर तुकड्यातुकड्यानं दीडेक मिनिट चालला. या वेगाला प्रत्येक कॅमनं सुमारे दीडशे वेळा टॅपेट उचलला. माथ्यावर जे मिश्रण उरलं होतं, ते या दीडशे उचलींत पुसलं गेलं.

१०:०३. १४ दिवस ६ तास ४ मिनिटं बाकी.

इंजिन धरतं. टाळ्या.

इथून पुढच्या वीस मिनिटांसाठी कॅम बनवणारे कारखाने खोक्यात कागद घालतात आणि सगळ्यांचे कागद जवळपास सारखे असतात. इंजिन धरताच वेग २००० ते २५०० वर न्यायचा. वीस ते तीस मिनिटं तिथंच खालीवर करत ठेवायचा. स्लोवर आणायचं नाही. काही बिघडलं तर बंद करायचं, दुरुस्त करायचं, आणि पुन्हा सुरू करताना थेट त्याच वेगावर जायचं.

कारण साधं आहे. या इंजिनात कॅमच्या माथ्याला ऑइलची स्वतंत्र वाट नाही. वर रॉकरवरून निथळलेलं ऑइल पुशरॉडच्या भोकांतून टॅपेटवर येतं, बाकीचं क्रँक फिरताना उडवते ते. क्रँक सावकाश फिरली तर उडत नाही. शिवाय स्लोवर स्प्रिंगचा पूर्ण दाब कॅमच्या टोकावर असतो. वेग वाढला की हलत्या भागांच्या जडत्वानं टोकावरचा दाब थोडा उतरतो आणि दोन पृष्ठभागांमध्ये ऑइलचं पटलही जाड धरतं. नव्या धातूवर झिंकचा थर अजून नाही. तो धरायला उष्णता, दाब आणि वेळ लागतो.

घासलेली कॅमशाफ्ट खोक्यातून येत नाही. कागदही येत नाही.

१०:०४

मिस्त्री स्लोचा स्क्रू फिरवतो. ऐकायचं आहे. चाळीस वर्षं तो इंजिन कानानं जोखत आला आहे, आणि जोरात चाललेल्या इंजिनात कानाला काही लागत नाही.

१०:०५

खालच्या होजमधून पाणी. इंजिन बंद. दोन मिनिटं चाललं, प्रत्येक कॅमच्या ९०० उचली.

१०:२१

नवी क्लिप लावून पुन्हा सुरू. वेग ७००. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरते, म्हणजे प्रत्येक टॅपेट मिनिटाला ३५० वेळा उचलला जातो. ऑइलचा काटा व्यवस्थित वर आहे. काटा बेअरिंगकडं जाणाऱ्या ऑइलचं प्रेशर दाखवतो. कॅमच्या माथ्यावर ऑइल पोचतंय का, हे दाखवणारा काटा या गाडीत नाही, कुठल्याच गाडीत नसतो.

१०:२४

हार, हळदकुंकू. बॉनेटला नारळ. मालकाची आई पुढच्या सीटवर बसते. फोटो. इंजिन स्लोवर चालू.

१०:३१

टिक्, टिक्, टिक्. डाव्या बाजूनं, मधल्या भागातून, अगदी हलकं.

“टॅपेट हाय,” मिस्त्री म्हणतो. “गरम झाल्यावर सेट करतो.”

१०:४७

इंजिन बंद. दुसऱ्या खेपेला २६ मिनिटं, ९,१०० उचली. पहिल्या खेपेच्या धरून बरोबर दहा हजार. २००० च्या वेगावर वीस मिनिटं चाललं असतं तर उचली वीस हजार झाल्या असत्या, पण ऑइलमधल्या. निम्म्या उचलींत काम झालं. पाच नंबरच्या टॅपेटखाली कडक थर आता सलग नाही. लोखंडाचे पहिले कण चेंबरमध्ये आहेत. यानंतर काहीही ओतलं तरी निघालेला धातू परत बसणार नाही. बाटली शनिवारी रात्री हातात असती तर कामाची होती. गुरुवारी आली असती तर नव्हती.

रविवार, दुपारी १२:१५. १४ दिवस ४ तास बाकी.

टॅपेट सेटिंग. बी-सिरीजमध्ये नऊचा हिशेब चालतो. आठ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण खाली असताना एक नंबर सेट करायचा, सहा खाली असताना तीन, चार खाली असताना पाच. बेरीज नऊ. फट १५ थाऊ, म्हणजे इंचाचे १५ हजारांश.

सात ठिकाणी फट पंधराच्या आसपास. पाच नंबरला १९.

मिस्त्री स्क्रू फिरवून १५ करतो, नट कसतो. टिक् थांबतं.

फिलर गेज अर्धंच सांगतं. टॅपेटचा तळ झिजला तर फट वाढते, कारण फट मोजतात ती कॅमच्या गोल पाठीवर. कॅमचं टोक झिजलं तर फट आहे तेवढीच राहते, फक्त व्हॉल्व्ह कमी उघडतो. ते पाहायची संधी दोन मिनिटांपूर्वीच येऊन गेली होती: चार नंबर सेट करताना पाच नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण खाली असतो. तेव्हा त्याच्या स्प्रिंगशेजारी पट्टी उभी धरली असती, तर तो इतरांपेक्षा किती कमी उतरतोय ते दिसलं असतं. मिस्त्रीची नजर चार नंबरच्या फटीवर होती. तिथं सगळं ठीक होतं.

रविवार, संध्याकाळी ५:००

पन्हाळ्याच्या रस्त्यानं ट्रायल. एकूण ४१ किलोमीटर. गाडी ओढते. मालक खूष.

बुधवार, सकाळी ८:३०. ११ दिवस बाकी. ११८ किलोमीटर.

टिक् परत आलं आहे. पाच नंबरची फट २६. पुन्हा पंधरावर.

डिपस्टिक पुसताना फडक्यावर राखाडी चकाकी दिसते. मालक फडकं उन्हात धरतो.

“मिस्त्री, हे काय?”

“बेडिंग होतंय, साहेब. नवं इंजिन हाय, थोडं निघतंच.”

थोडं निघतं, हेही खरं. नव्या रिंगांचं, नव्या बोअरचं. पण तीन दिवसांत एकाच टॅपेटची फट दोनदा वाढणं बेडिंगमध्ये बसत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं एकाच सकाळी पाहिल्या, एक गेजवर आणि एक फडक्यावर. कोणी कडी जोडली नाही.

फडक्यावर चुंबक फिरवायला दहा सेकंद लागले असते. बेअरिंगचा धातू चुंबकाला चिकटत नाही, कॅमचा चिकटतो. आणि बी-सिरीजच्या ब्लॉकला बाजूनं पत्र्याची झाकणं असतात. ती काढली की डोकं न खोलता टॅपेट हातात येतात. तासाभराचं काम. त्या दिवशी ते झालं असतं तर नुकसान एका कॅमशाफ्टपुरतं आणि टॅपेटांपुरतं राहिलं असतं. क्रँक वाचली असती.

मंगळवार, संध्याकाळी ७:००. ५ दिवस बाकी. ३४० किलोमीटर.

पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरला बदलायचं ठरलं आहे. कॅम घासलेल्या इंजिनाचं पहिल्या अर्ध्या तासानंतरच काढतात, पण ते असो. शनिवारी रत्नागिरीत लग्न आहे.

“जाऊन येतो, मग बदलू. महागाचं आहे, इतक्यात काय होतंय त्याला.”

शनिवार, पहाटे ५:३०. ३४ तास ३७ मिनिटं बाकी. ४२५ किलोमीटर.

कोल्हापूर सोडलं. गाडीत चौघं. मलकापूर, आंबा, मग घाट उतरणं. उताराला इंजिनावर ताण नाही, म्हणून काही कळत नाही.

रविवार, दुपारी २:१०. १ तास ५७ मिनिटं बाकी. ५५५ किलोमीटर.

रत्नागिरीहून परत. इंजिन स्लोवर हलतंय, असं चावी फिरवतानाच मालकाच्या लक्षात येतं. पेट्रोलमध्ये कचरा असेल, असं तो म्हणतो.

२:५५

हातखंब्याच्या पुढं, तिसऱ्यात. कार्ब्युरेटरमधून ‘फट्’. थोड्या वेळानं पुन्हा.

पाच नंबर हा तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आहे. तो आता पुरेसा उघडत नाही. जळालेला वायू आतच अडकतो आणि इनलेट उघडताच उलटा कार्ब्युरेटरकडं येतो. या डोक्यात तीन आणि चार नंबरच्या सिलिंडरांना इनलेटची वाट एकच आहे. म्हणजे तिसऱ्याचा धूर चौथा ओढतो. एका कॅमच्या टोकानं दोन सिलिंडर लंगडे केले.

३:२०

चहाला थांबतात. मालक प्लग काढून बघतो. तिसरा काळा आहे. पुसून परत लावतो.

३:४८

साखरपा. गाडी दुसऱ्यात. पुढं चढण. सुटलेलं लोखंड दोन आठवडे फिल्टरमध्ये साठत आलं आहे. फिल्टर तुंबला की आतला बायपास उघडतो आणि ऑइल न गाळता पुढं जातं. इंजिन ऑइलविना राहू नये म्हणून केलेली ती सोय आहे. आता त्या वाटेनं ऑइलबरोबर कॅमचा चुरा क्रँकच्या बेअरिंगांत जातो.

३:५९

ऑइलचा काटा नेहमीच्या निम्म्यावर. मालकाचं लक्ष रस्त्यावर, मागं ट्रक आहे.

४:०४

ठोका. आधी चढणीवर जोर दिला की, मग सतत. गॅरेजच्या भाषेत, बिगएंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग, बोलायला लागला.

४:०७

पाय सोडला तरी ठोका थांबत नाही. काटा खाली बसतो. मालक गाडी डावीकडं घेतो आणि चावी बंद करतो. ६१२ किलोमीटर.

मंगळवार, सकाळी ११:२०

उद्यमनगर. चेंबर उतरवलेलं. तळाला राखाडी चिखल, चुंबकाला बहुतेक सगळा चिकटतो. तिसऱ्या सिलिंडरच्या बिगएंडचं शेल तांब्याच्या रंगापर्यंत झिजलेलं. क्रँकवर नखाला लागतील असे चरे.

पाच नंबरच्या कॅमची उंची शेजारच्यापेक्षा २.३ मिलिमीटरनं कमी. टोक उरलेलं नाही. टॅपेटच्या तळाला खोलगट खड्डा आणि त्यात एकाच दिशेचे ओरखडे, म्हणजे हा टॅपेट फिरलाच नाही. चार नंबरची सुरुवात झालेली. दोन, तीन, सहा, सात कमीअधिक.

ग्राइंडिंगवाला येऊन बघतो. माप बरोबर दिलं होतं, असं म्हणतो, आणि दिलं होतंच. मिस्त्री म्हणतो, ऑइल पातळ होतं. मालक म्हणतो, दुकानातलं सगळ्यात भारी ऑइल होतं. ऑइलच्या दुकानदाराला कोणी विचारत नाही. त्यानं मागितलं ते दिलं.

मग एक आणि आठ नंबरचे टॅपेट बाहेर येतात, ते दोन नवे. तळावर गोल गोल बारीक रेषा, मध्यापासून काठापर्यंत सारख्या. दोघंही फिरत होते. त्यांचे कॅम मायक्रोमीटरवर जवळजवळ मापात. ऑइल तेच, अठ्ठावीस मिनिटांची स्लो तीच, ग्राइंडिंगचा दगडही तोच.

बाटली ओतली असती तर पाच नंबर वाचला असता का? त्या सपाट टॅपेटखाली माझ्या मते उशिरा मेला असता. हजार किलोमीटर, कदाचित पाच हजार. चार नंबर बहुधा वाचला असता.

मिस्त्री आठ नंबरचा टॅपेट पुसून वेगळा ठेवतो. एक नंबरचाही. बाकीचे सहा भंगारच्या डब्यात.

“आठ नवे मिळाल्याशिवाय आता बांधत नाही, साहेब. महिना लागला तर लागू दे.”

“आणि क्रँक?”

“वीस थाऊनं घासावी लागेल. शेल वीस अंडरसाइजची आणा. आणि ते काय बाटलीचं म्हणत हुता, ते पण बघा.”

मालक फोन काढतो. पोचायची तारीख शुक्रवार दाखवते.